तारवात डायनोसॉर होते काय? – ‘द जेनेसिस फ्लड’ आणि त्याच्या परंपरेचे परीक्षण

१९६१ साली अमेरिकेत ‘द जेनेसिस फ्लड’ हा पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जुन्या कराराचे प्राध्यापक जॉन व्हिटकोम्ब आणि जलशास्त्राचे अभियंते हेन्री मॉरिस हे त्याचे दोन लेखक. एकाने पवित्र शास्त्राची बाजू सांभाळावी आणि दुसऱ्याने विज्ञानाची, अशी त्यांची वाटणी होती. ग्रंथाचे प्रतिपादन थोडक्यात असे : सृष्टी चोवीस तासांच्या सहा दिवसांत निर्माण झाली, तिचे वय काही हजार वर्षांचे आहे, आणि खडकांच्या थरांत जे जीवाश्म सापडतात, त्यांतील बहुतेक सर्व नोहाच्या काळच्या एका वर्षाच्या जलप्रलयात गाडले गेले. हे मान्य केले की डायनोसॉर हे माणसाचे समकालीन ठरतात, आणि त्यांच्या जोड्या तारवात होत्या असेही ओघानेच म्हणावे लागते.

ग्रंथाला साठांहून अधिक वर्षे झाली. दोन्ही लेखक आज हयात नाहीत. तरीही त्याचे परीक्षण करण्याचे प्रयोजन आहे, कारण त्याने एक परंपरा निर्माण केली. केंटकी राज्यात पीटर्सबर्ग येथे मे २००७ मध्ये ‘क्रिएशन म्युझियम’ उघडले. तेथे डायनोसॉरांच्या सान्निध्यात खेळणारी मुले प्रतिकृतींच्या रूपाने दाखविली आहेत. त्याच संस्थेने २०१६ साली त्याच राज्यातील विल्यम्सटाउन येथे ५१० फूट लांबीचे तारू उभारले आणि त्यातील पिंजऱ्यांत इतर प्राण्यांबरोबर डायनोसॉरही बसविले. ही शिकवण आता अमेरिकेपुरती राहिलेली नाही. रंगीत पुस्तिका, चित्रफिती आणि भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेश यांच्या वाटेने ती आपल्या धर्मग्रामांतील घरांतही पोहोचली आहे. दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते, “फादर, शाळेचे पुस्तक खोटे की बायबल?” हा प्रश्न त्या मुलाच्या मनात आपोआप उगवलेला नव्हता. तो त्याच्या हाती आयता देण्यात आला होता. व्हिटकोम्ब आणि मॉरिस यांच्या ग्रंथाचे सर्वांत मोठे कर्तृत्व कोणते असेल, तर हा प्रश्न जगभरच्या मुलांच्या तोंडी घालणे हे होय. तो प्रश्नच मुळात चुकीचा आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुनी श्रद्धा की नवे मत?

हा ग्रंथ वाचताना वाचकाचा असा समज होतो की, दोन हजार वर्षे सर्व ख्रिस्ती लोक असेच मानत आले, आणि डार्विनच्या आगमनानंतर काही भित्र्या लोकांनी माघार घेतली. इतिहास मात्र निराळे सांगतो.

पृथ्वीचे वय बायबलमधील वंशावळींवरून मोजण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गणना आयर्लंडमधील अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांची. १६५० साली त्यांनी सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मधील २३ ऑक्टोबर या दिवसाशी आणून ठेवला. पुढे इंग्रजी बायबलच्या समासांत या सनावळ्या छापल्या जाऊ लागल्या, आणि समासातील मजकूर व शास्त्रवचन यांतील अंतर सामान्य वाचकाच्या मनातून पुसले गेले. अशर हे मोठे विद्वान होते. त्यांच्या काळी उपलब्ध असलेली सर्व साधने त्यांनी वापरली. त्यांना हसण्याचे कारण नाही.

परंतु त्यानंतर खडकांचा अभ्यास सुरू झाला आणि तो पुष्कळ अंशी धर्मगुरूंनीच केला. शास्त्रीय नाव मिळालेला पहिला डायनोसॉर म्हणजे ‘मेगॅलोसॉरस’. १८२४ साली त्याचे वर्णन करणारे विल्यम बकलंड हे अँग्लिकन धर्मगुरू होते. केंब्रिजचे भूशास्त्रज्ञ अॅडम सेजविक हेही धर्मगुरूच. या दोघांनी आरंभी जलप्रलयाच्या खुणा खडकांत शोधल्या. त्या सापडेनात, तेव्हा सेजविक यांनी १८३१ साली लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या अध्यक्षपदावरून आपले पूर्वीचे मत जाहीरपणे मागे घेतले, आणि काही वर्षांनी बकलंड यांनीही तेच केले. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर, १८५९ साली आला. तात्पर्य, साऱ्या पृथ्वीचे थर एकाच प्रलयाने घडविले ही कल्पना उत्क्रांतिवाद्यांनी पाडलेली नाही. प्रार्थना करून हातोडी उचलणाऱ्या श्रद्धावंतांनीच ती सोडून दिली.

मग ती परत आली कोठून? १९२३ साली ‘द न्यू जिऑलॉजी’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या जॉर्ज मॅकक्रेडी प्राइस यांच्याकडून. ते सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे होते आणि प्रशिक्षित भूशास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्या मताला त्यांच्या काळी इतर प्रॉटेस्टंट पंथांतही फारसा आश्रय नव्हता. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन येथे उत्क्रांती शिकविणाऱ्या शिक्षकावर गाजलेला खटला चालला. त्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही साक्षीत कबूल केले की, उत्पत्तीमधील दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही. अशा प्रकारे कडेला पडलेल्या मताला १९६१ च्या या ग्रंथाने तळटीपा, आकृत्या आणि विद्यापीठीय भाषा दिली. तेव्हा आपल्यापुढे आज जे पूर्वजांची श्रद्धा म्हणून ठेवले जाते, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांपेक्षा वयाने लहान आहे.

पालक्सी नदीची साक्ष

ग्रंथाच्या पुराव्यांपैकी एकाची कथा विशेष बोधप्रद आहे. टेक्सास राज्यात ग्लेन रोझ गावाजवळ पालक्सी नदीच्या पात्रातील चुनखडीत डायनोसॉरांच्या पाऊलखुणा स्पष्ट उमटलेल्या आहेत. त्यांच्या शेजारीच माणसाच्या, तेही राक्षसी आकाराच्या माणसाच्या, पाऊलखुणा आहेत असे सांगितले जाई. व्हिटकोम्ब आणि मॉरिस यांनी अशा खुणांची छायाचित्रे पुराव्यादाखल छापली. १९७२ साली त्यांवर ‘फूटप्रिंट्स इन स्टोन’ हा चित्रपट निघाला आणि अनेक चर्चमधून दाखविला गेला.

खरे काय होते? १९३० नंतरच्या आर्थिक मंदीत तेथील काही गावकऱ्यांनी सुट्या दगडांवर मानवी पावले कोरून ती विकली होती. भुकेल्या माणसांचा तो उद्योग होता. पात्रातील उरलेल्या लांबट खुणा डायनोसॉरांच्याच होत्या. चालताना टाच टेकल्याने त्या लांब झाल्या होत्या आणि बोटांच्या जागी नंतर गाळ भरला गेला होता. गाळाचा रंग वेगळा दिसू लागला तेव्हा तीन बोटांचा आकार उघड झाला. १९८६ साली मॉरिस यांच्याच संस्थेने हा पुरावा यापुढे वापरणे योग्य नाही असे लिहिले आणि चित्रपटही मागे घेण्यात आला.

हा प्रामाणिकपणा नोंदविला पाहिजे. पण त्याबरोबर हेही नोंदविले पाहिजे की, तोपर्यंत पंचवीस वर्षे लोटली होती. त्या काळात देवळात बसून तो चित्रपट पाहिलेल्या आणि पुढे महाविद्यालयात त्याचा फोलपणा कळलेल्या तरुणाची मनःस्थिती आपण डोळ्यांपुढे आणावी. त्याला केवळ एक चित्रपट खोटा वाटला असेल काय? ज्या व्यासपीठावरून तो दाखविला गेला, त्याच व्यासपीठावरून पुनरुत्थानाची सुवार्ताही सांगितली जात होती.

आपल्या पायांखालचा खडक

प्रलय साऱ्या पृथ्वीवर झाला असे ग्रंथाचे म्हणणे आहे. तेव्हा त्याची परीक्षा टेक्सासप्रमाणे महाराष्ट्रातही घेता येईल, आणि ती घेण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही.

वसईपासून विदर्भापर्यंतचा काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो एकावर एक अशा अनेक लोटांनी पसरला आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन हजार मीटरपर्यंत गेली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तेथे दोन काळ्या थरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी लाल पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने झिजला, त्याची माती झाली, आणि मग त्यावर पुढचा लाव्हा आला, असा त्या पट्ट्याचा अर्थ आहे. काही ठिकाणी तर मधल्या विरामात तळी साचली. मुंबईत वरळी येथे अशा दोन लाव्हांमधील गाळाच्या खडकात बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ साली त्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. १८४२ मध्ये ‘डायनोसॉर’ हा शब्द घडविणारे ते हेच शास्त्रज्ञ. लाव्हा, मग माती, मग तळे, तळ्यात बेडकांच्या पिढ्या, आणि पुन्हा लाव्हा : हा क्रम एका वर्षाच्या पुरात, तोही पाण्याखाली, कसा बसवावा?

या लाव्हाच्या खालीच डायनोसॉरांचे थर आहेत. नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. सारी पृथ्वी बुडविणारा प्रलय चालू असताना कोणता प्राणी निवांत घरटी करून अंडी घालील?

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील डायनोसॉरांच्या जीवाश्मांकडे आरंभीच्या काळात लक्ष वेधणाऱ्यांत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ज्यांच्या नावाने चालते, तेच हे स्कॉटिश मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरास आले, शाळा काढली, सुवार्ता सांगितली आणि फुरसतीच्या वेळी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह विदर्भाचे खडक पालथे घातले. उत्पत्तीचे पुस्तक आणि हातोडी ही दोन्ही त्यांनी बाळगली, आणि एकीसाठी दुसरे टाकून देण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

पिसदुरा येथे अश्मीभूत विष्ठाही सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी ती तपासली. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. अशा कणांवरून २००५ साली त्यांनी दाखविले की, हे महाकाय प्राणी इतर पाल्याबरोबर गवतही खात होते. गवत एवढे जुने असेल असे तोवर मानले जात नव्हते. आपली समजूत चुकीची होती असे शास्त्रज्ञांना आढळले आणि त्यांनी ती बदलली. कोणाचीही श्रद्धा त्यामुळे धोक्यात आली नाही.

खडकांचे वय काढण्याच्या पद्धतीवर या परंपरेचा मोठा आक्षेप आहे. लाव्हात अडकलेल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचा ऱ्हास ठरावीक गतीने होतो आणि त्यावरून काळ मोजता येतो. ती गती पूर्वी फार मोठी असली पाहिजे, असे हे लोक म्हणतात. त्यांच्याच संस्थेने या प्रश्नावर आठ वर्षे प्रकल्प चालविला. कोट्यवधी वर्षांचा ऱ्हास अल्पकाळात कोंबला तर पृथ्वीच वितळून जाईल इतकी उष्णता निर्माण होते आणि ही अडचण आपल्याला सोडविता आलेली नाही, हे २००५ साली त्यांनी स्वतःच मान्य केले. यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

ईयोबाला विचारलेला प्रश्न

विज्ञानाचा भाग एवढा पुरे. या ग्रंथावरील माझा खरा आक्षेप तो विज्ञान चुकवितो हा नाही. तो बायबल नीट वाचत नाही, हा आहे.

डायनोसॉरांचा उल्लेख बायबलमध्ये कोठे आहे असे विचारले, तर या परंपरेचे लोक ईयोबाच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय दाखवितात. तेथे बेहेमोथ नावाच्या बलाढ्य पशूचे वर्णन आहे. तो बैलाप्रमाणे गवत खातो आणि त्याच्या शेपटीला गंधसरूची उपमा दिली आहे. पाणघोड्याचे शेपूट एवढेसे असते, तेव्हा हा लांब शेपटीचा डायनोसॉरच, असा त्यांचा युक्तिवाद. पिसदुऱ्याच्या गवताची बातमी त्यांना सोयीचीच वाटेल. परंतु हे वर्णन काव्यात आले आहे, आणि पुढच्याच अध्यायात लिव्याथानाच्या तोंडातून ज्वाळा निघतात. कवी मोजपट्टी घेऊन शेपूट मोजत नाही. आपल्या ओव्या-अभंगांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे शिकवावे लागू नये.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, चाळिसाव्या अध्यायातून एक शेपूट तोडून घेताना त्यामागचे दोन अध्याय वाचायचे राहून जातात. अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर वादळातून बोलतो आणि ईयोबाला विचारतो की, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? संपूर्ण पुस्तकाचा कळस या प्रश्नात आहे. तो विचारला जातो एका नीतिमान, श्रद्धावान माणसाला. ईयोबाचे मित्र देवाचा कैवार घेऊन बोलत होते. प्रत्येक दुःखाचे कारण त्यांच्याजवळ तयार होते. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, कारण देवाविषयी बोलताना त्यांनी योग्य ते सांगितले नाही.

या परंपरेचे आजचे प्रमुख प्रवक्ते केन हॅम लहान मुलांना एक प्रश्न पाठ करायला शिकवितात : लाखो वर्षांविषयी कोणी बोलू लागला, तर त्याला विचारा, ‘तुम्ही तेथे होता काय?’ ईयोबाच्या पुस्तकातला हा प्रश्न! पण तेथे तो देव माणसाला विचारतो, आणि ऐकणारा आपल्या तोंडावर हात ठेवून गप्प होतो. येथे तोच प्रश्न शिक्षकाला गप्प करण्यासाठी मुलाच्या हाती दिला जातो. नम्रतेचा धडा उद्धटपणाचे साधन होतो. बायबलच्या एखाद्या वाक्याचा अर्थ शब्दशः जपूनही त्याचा आत्मा कसा हरवतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. शिवाय तो प्रश्न विचारणाराही तेथे नव्हता.

पहिला अध्याय काय सांगतो?

उत्पत्तीचा पहिला अध्याय सावकाश वाचला की त्याची रचना लक्षात येते. पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश व जल, आणि भूमी ही स्थळे सिद्ध होतात. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने ती भरली जातात : ज्योती, पक्षी व जलचर, पशू व मानव. सूर्य चौथ्या दिवशी येतो, पण संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून होते. हे लेखकाच्या ध्यानात आले नसेल असे समजणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. दुसऱ्या अध्यायात तर क्रमच बदलतो. तेथे आधी माणूस, मग झाडे, मग पशू आणि शेवटी स्त्री. संकलन करणाऱ्यांनी दोन्ही वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवले, कारण घटनांची रोजनिशी ठेवणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

त्यांचा हेतू काय होता, हे एका शब्दावरून पाहता येते. पाचव्या दिवशी देव मोठे जलराक्षस निर्माण करतो. मूळ हिब्रू शब्द ‘तन्नीन’. हेच डायनोसॉर होत, असे या परंपरेतील काही लोक सुचवितात. बाबिलोनच्या कथांत समुद्राची राक्षसीण देवांशी युद्ध करते आणि तिच्या चिरफाडलेल्या देहातून जग घडते. तिचा धाक साऱ्या प्रदेशावर होता. बाबिलोनच्या सत्तेखाली पिचलेल्या इस्राएलला उत्पत्तीचा लेखक सांगतो की, ज्यांना तुमचे शेजारी भितात, ते जलराक्षसही आपल्या देवाने निर्माण केलेले जीव आहेत, आणि देवाने त्यांनाही चांगले म्हटले. सूर्यचंद्रांची तो नावेसुद्धा घेत नाही. ते केवळ लहान-मोठे दिवे. गुलामगिरीत असलेल्या लोकांना भयापासून सोडविणारी ही घोषणा आहे. तिच्यात डायनोसॉर शोधणारा वाचक घोषणा ऐकतच नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकाला या बाबतीत एक थोर उदाहरण घरचेच आहे. गोव्यात राहिलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा त्यांनी ओवीत गायिली. पृथ्वीच्या वयाचा प्रश्न त्यांच्या काळी उपस्थितच झाला नव्हता, तेव्हा त्याचे उत्तर त्यांच्याकडे मागू नये. परंतु ही कथा येथील लोकांच्या अंतःकरणात उतरवायची तर तिला पुराणाचे रूप हवे, हे त्यांनी जाणले. कोणते सत्य कोणत्या वाङ्मयप्रकारात बोलते, याची ही जाण ‘द जेनेसिस फ्लड’च्या पाचशे पानांत आढळत नाही.

मृत्यू आणि पाप

या ग्रंथाचा एक मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. आदामाच्या आधी कोट्यवधी वर्षे प्राणी एकमेकांना फाडून खात होते असे मानले, तर मृत्यू पापामुळे जगात आला या संत पौलाच्या शिकवणीचे काय? हिरवा पाला हेच पशूंचे अन्न, असे उत्पत्तीत म्हटले आहे. म्हणून या परंपरेत टायरॅनोसॉरससारखा तीक्ष्ण दातांचा प्राणीही पतनापूर्वी शाकाहारी होता असे शिकविले जाते. यामागील कळकळ खरी आहे. वेदना आणि हिंसा यांची जबाबदारी चांगल्या देवावर येऊ नये, असे कोणाला वाटणार नाही?

तरीही परंपरेचा आधार घ्यायचा तर तो संत थॉमस अॅक्वायनस यांचा घ्यावा. तेराव्या शतकात, डायनोसॉरांचे नावही ठाऊक नसताना, त्यांनी या प्रश्नाचा विचार केला. माणसाच्या पापाने पशूंचा स्वभाव बदलला नाही. सिंह आणि ससाणे आज मांस खातात, ते तेव्हा पाला खात होते असे मानणे युक्तीला धरून नाही, असा त्यांचा निर्णय आहे. स्तोत्रसंहितेतील १०४ वे स्तोत्र सृष्टीचे गुणगान करताना सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागत गर्जतात असे सांगते. ज्या ईयोबाच्या पुस्तकातून बेहेमोथ उचलला जातो, त्यातच गरुडाची पिल्ले रक्त पितात. उत्पत्तीतील हिरव्या पाल्याचे चित्र संदेष्टा यशयाच्या गवत खाणाऱ्या सिंहाशेजारी ठेवून वाचावे. देवाला अभिप्रेत असलेल्या शांतीचे ते दर्शन आहे. संत पौल बोलतो तो मृत्यू माणसाचा आहे, देवापासून तुटलेल्या माणसाचा. पशूंच्या वेदनेचे रहस्य त्याने पूर्णपणे उलगडत नाही. ते ईयोबालाही उलगडले नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका

आपल्या ख्रिस्तसभेने या बाबतीत सावधपणे पण स्पष्टपणे पावले टाकली आहेत. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर भाष्य लिहिताना इशारा दिला होता की, निसर्गाविषयी जाणकारांना ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल ख्रिस्ती माणसाने बायबलचा हवाला देऊन अज्ञान पाजळले, तर पुनरुत्थानावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. १९४३ साली पोप पायस बारावे यांनी बायबलमधील वाङ्मयप्रकारांचा अभ्यास आवश्यक ठरविला. मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधन करण्यास १९५० साली त्यांनी मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून येतो, हे निक्षून सांगितले. बायबल आपल्या तारणासाठी आवश्यक ते सत्य निश्चितपणे शिकविते, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये मांडले. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता केवळ गृहीतक राहिलेली नाही, असे म्हटले. आर्कान्सा राज्याने शाळांत ‘सृष्टिविज्ञान’ शिकविण्याचा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांत तेथील कॅथलिक बिशपही होते. १९८२ साली तो कायदा रद्द झाला.

याच पोपमहोदयांनी १९८८ साली निल्स स्टेनसेन यांना धन्यवादित घोषित केले. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा भूशास्त्राचा पाया १६६९ मध्ये घालणारे हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पुढे कॅथलिक बिशप झाले. पृथ्वीचे खरे वय त्यांनाही ठाऊक नव्हते. ते कसे वाचावे हे मात्र त्यांनी शिकविले. योगायोग असा की, त्यांच्या घोषणेचा दिवस होता २३ ऑक्टोबर, आर्चबिशप अशर यांनी सृष्टीच्या आरंभासाठी मुक्रर केलेला दिवस.

दुसऱ्या बाजूचा अतिरेकही विसरू नये. उत्क्रांती सिद्ध झाली म्हणून माणूस हा अपघात आहे आणि दुबळ्यांना जगण्याचा अधिकार नाही, असे सांगणारे विज्ञानाच्या नावाने तत्त्वज्ञान विकतात. ब्रायन यांच्या विरोधामागे ही भीती होती, आणि विसाव्या शतकाने ती अनाठायी नव्हती हे दाखविले. त्या विचाराला उत्तर दिलेच पाहिजे. पण ते उत्तर माणूस देवाची प्रतिमा आहे या शिकवणीतून मिळते. डायनोसॉराला तारवात चढवून ते मिळत नाही.

एक ग्रंथ म्हणून ‘द जेनेसिस फ्लड’ परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे, आणि त्याच्या लेखकांच्या बायबलप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांची चूक अशी की, ज्या विज्ञानाशी ते भांडतात, त्याचाच सत्याचा मापदंड त्यांनी निमूटपणे स्वीकारला. मोजता येते तेवढेच खरे, हे त्यांनी मान्य केले आणि मग उत्पत्तीलाही मोजमापांचे पुस्तक करून टाकले. त्यामुळे श्रद्धेचा सारा भार खडकाच्या वयावर येऊन पडला. ज्या दिवशी मुलाला खडकाचे खरे वय कळते, त्या दिवशी तो खडकाबरोबर क्रूसही टाकून देतो. अमेरिकेत अनेक घरांनी हे दुःख भोगले आहे. आपल्याकडे ते येऊ द्यायचे की नाही, हे पालकांच्या, धर्मशिक्षकांच्या आणि आम्हा धर्मगुरूंच्या हाती आहे.

तेव्हा मुलाने विचारले की तारवात डायनोसॉर होते काय, तर त्याला सरळ सांगावे की नाही, बाळ; माणूस येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी ते नाहीसे झाले. मग त्याच संध्याकाळी, रोझरीनंतर, उत्पत्तीचा पहिला अध्याय घरात मोठ्याने वाचावा, कोठेही न थांबता, शेवटच्या विसाव्याच्या दिवसापर्यंत.